मोरचुदातून वाचलेलं पोवळं

दाजी, तुमच्या तेराव्याचं जेवून काल शिरवळहून घरी आलो. चपला काढल्या आणि आत जायच्या आधी अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले. साबण लावला, तो पुरता जाईस्तोवर पाणी घेतलं, आणि परत एकदा नुसत्या पाण्यानं धुतले. बायको दारातून म्हणाली, "आवं, आंघोळच करा की. हातच काय धूत बसलाय?" मी नळ बंद केला. बोलायचाच कंटाळा आलाय. जो भेटतो तो "कसं झालं हो अचानक?" विचारतो, आणि मी तेच ते सांगतो: कंपनीत ड्युटीवर होते, छातीत दुखलं, साताऱ्याला नेईपर्यंत संपलं. आता पुन्हा कुणी विचारलं तर त्याच्या अंगावर ओरडेन की काय असं वाटतं. तुमच्याशी मात्र बोलायचंय. तुम्ही मध्येच "थांबा मेव्हणं, तसं नव्हं ते" म्हणून माझं वाक्य तोडणार नाही, असं आज पहिल्यांदाच होतंय.

हात पुसून बेदाण्याच्या खोलीत गेलो. पेटीतलं पोवळं फुगलं होतं. खालचा दगड दिसतच नव्हता. सगळं हिरवं मांसल अंग दुमड्या घालून काठाबाहेर आलं होतं आणि पाण्याच्या हेलकाव्याबरोबर जरा जरा हलत होतं. मोरचूद पडायच्या आधी तुमच्या घरी होतं तसं, अगदी तसंच. खाली बसलो आणि पहिलं मनात काय आलं सांगू? की तुम्हाला फोन लावावा.

चार लोकांत तुमच्याबद्दल बोलायची वेळ आली की सगळे सांगतात: नेव्हीत होते, कडक होते, पण मनानं गोड. असेल. मला आठवतो तो धोंड्याचा महिना. जावयाला वाण द्यायचं म्हणून आबांनी तुम्हाला आणि अक्काला बोलावलेलं. ताटात अनारसे, त्यावर चांदीचा दिवा. वर आबांनी सांगलीच्या सराफाकडं अंगठी बघून ठेवलेली, लाल पोवळ्याची, कारण तुमचा मंगळ कडक आहे असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. आबा खाकरून म्हणाले, "जावईबापू, पोवळ्याची अंगठी करायची म्हनतोय." आणि लग्न झाल्यापासून सासऱ्याकडं सुपारीसुद्धा न मागितलेले तुम्ही म्हणालात, "आबा, पोवळंच द्यायचं असंल तर जित्तं द्या."

माझ्या हातातला अनारसा तसाच राहिला. आबा म्हणाले, "जित्तं? म्हंजे?"

मग तुम्ही अंदमानची गोष्ट काढली. नेव्हीत असताना तिथं काचेच्या तळाची होडी होती, तिच्यातून खाली बघितलं की काय काय दिसायचं ते. तुम्ही म्हणालात, "खाली बाग हाय आबा. दगडाची, पर जित्ती. सकाळी उमलती, रातीला मिटती." बाग म्हटल्यावर आबा पुढं सरकून बसले. आमच्या तासगावात बाग म्हणजे एकच, द्राक्षाची. त्या माणसानं सबंध आयुष्य वेलींच्या खाली वाकून काढलेलं. पाण्यात पण बाग असती म्हणाल्यावर त्यांना अंगठी सुचेना. ती राहिली आणि काचेची पेटी झाली. सांगलीच्या काचवाल्यानं बनवली. पोवळं तुमच्या दोस्तानं मुंबईच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून आणलं. समुद्राचं पाणी रत्नागिरीहून पुण्याला जाणारा मासळीचा टेम्पो शिरवळच्या नाक्यावर कॅनमधून उतरवून जायचा. अक्का म्हणायची, "लोकांच्या दारात दुधाचा कॅन येतो, माज्या दारात खाऱ्या पान्याचा."

मला ते सगळं खूळ वाटायचं, हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलेलं आहे. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, त्यात ती पेटी, पंप, ट्यूबलाइट. पण आबा शिरवळला गेले की आधी त्या पेटीसमोर बसायचे. लेकीनं चहा दिला तरी काचेवरून नजर काढायचे नाहीत. तुम्ही शेजारी मांडी घालून बसायचा. तुमच्या दोघांचं बोलणं म्हणजे मला करमणूक होती. आबांनी तुमच्यासमोर कधी पाय पसरले नाहीत, तुम्ही त्यांच्यासमोर कधी तंबाखू मळली नाही. आबा काही म्हणाले की तुमचं "व्हय आबा", तुम्ही काही म्हणालात की त्यांचं "बराबर हाय जावईबापू". एकमेकांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. मी गमतीनं म्हणायचो, हे दोघं एका एस्टीत चढायला लागले तर "तुमी आधी, तुमी आधी" करत गाडी निघून जाईल. त्या मर्यादेपायीच पुढं सगळं घडलं, ते तेव्हा कुणाच्या ध्यानात यायचं?

पेटीत शेवाळ झालं. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन आत यायचं, त्यानं केसासारखं हिरवं शेवाळ दगडावर, काचेवर, पोवळ्याच्या कडेपर्यंत वाढलं. तुम्ही हातानं काढत होता, खिडकीला पोतं लावलं होतं. हळूहळू गेलंही असतं. पण आबांनी ते बघितलं. आणि हौदात शेवाळ झालं तर आमच्याकडं माणूस काय करतो? मोरचूद टाकतो. बागेवर डावणी रोग आला की चुन्यात कालवून फवारायचा तो निळा खडा आमच्या घरात मिठासारखा पडलेला असतो. फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची, हौदाच्या पाण्यातून फिरवायची, आठवड्यात शेवाळ खल्लास. पुढच्या खेपेला आबा लेकीला बेदाणा घेऊन गेले, तेव्हा पिशवीत तळाला मोरचुदाची पुरचुंडी होती.

मी तिथं नव्हतो. अक्कानं सांगितलं ते सांगतो. आबांनी पुरचुंडी तुमच्या हातात दिली. तुम्ही ती हातात घेऊन नुसते उभे राहिलात. अक्का म्हणाली, "आवं, ह्याला चालतंय का इचारा की कुनाला." तुम्ही तिच्याकडं बघितलं आणि डोळ्यांनीच गप्प केलं. आबा समोर होते. तुम्ही पुरचुंडी पाण्यात बुडवली आणि लगेच काढायला लागलात, तर आबा म्हणाले, "असं नव्हं जावईबापू. फिरवा चांगली." आणि तुम्ही फिरवलीत.

दाजी, तुम्हाला माहीत होतं. जहाजाच्या तळाला तांब्याचा रंग देतात, शंख-शिंपले चिकटून वाढू नयेत म्हणून, हे तुम्हीच मला बागेच्या बांधावर बसून सांगितलेलं. मोरचूद म्हणजे तांबंच की. नेव्हीत इतकी वर्षं घालवलेला माणूस स्वतःच्या हातानं पोवळ्याच्या पाण्यात तांबं फिरवतो, कशासाठी, तर सासऱ्याचा शब्द खाली पडू नये म्हणून. हे मला अजून पटलेलं नाही. तुम्ही गेलात म्हणून पटेल असं समजू नका.

आबा दुसऱ्या दिवशी खुशीत परत आले. म्हणाले, "शेवाळ तांबूस पडायला लागलंय, जातंय आता." तिकडं तुमच्याकडं पेटीतली कोळंबी उलटी पडली. पोवळं आक्रसून दगडाला चिकटलं, अंगावर बुळबुळीत थर आला, आणि काठाकाठानं मांस सुटून पांढरा दगड उघडा पडायला लागला. आमच्या गावातल्या एस्टीडी बूथवर तुमचा फोन आला. मी धावत गेलो, म्हटलं अक्काला काय झालं का काय. तर तुमचा आवाज: "मेव्हणं, पोवळं माहेरी धाडतोय. बाळंतपनाची तयारी करा." त्या वेळीसुद्धा चेष्टा. पण आवाज बसलेला होता, ते मला कळलं. तुम्ही यायच्या आत सांगलीच्या त्याच काचवाल्याकडून दुसरी पेटी आणली, पंप आणि ट्यूबलाइट जोडून ठेवली.

तुमच्या पेटीत ठेवण्यात अर्थ नव्हता. दगडात, वाळूत तांबं मुरलेलं. घर पत्र्याचं, ड्युटी शिफ्टची. आमची बेदाण्याची खोली मातीच्या भिंतीची, उन्हाळ्यातही गार. म्हणून तुम्ही कॅनमध्ये ताजं खारं पाणी घेतलं, त्यात पोवळं ठेवलं आणि कॅन मांडीवर घेऊन एस्टीनं आलात. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात?" तुम्ही म्हणालात, "दगड." तो म्हणाला, "दगडाला मांडीवर घेऊन बसलेला मानूस पैल्यांदा बघतोय." हे तुम्ही आम्हाला इतक्या वेळा सांगितलंत, की आता मीच त्या गाडीत होतो असं मला वाटतं.

दारात आबा उभे होते. तुम्ही त्यांना सांगितलंत, "आबा, शिरवळचं ऊन बाधलं ह्येला. म्हनलं चार दिस माहेरपनाला न्यावं." आबांनी कॅनमध्ये वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग टोपी नीट केली आणि तडक बागेत निघून गेले. मला राग आला. म्हटलं, जावई एवढ्या लांबून आलाय, बसा-उठा तरी म्हणावं.

संध्याकाळी बांधावर तुमच्याकडून खरं काढून घेतलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "आबांना सांगायला पायजे. उद्या आनी काय टाकतील."

"काय टाकत न्हाईत. तुमी गप बसा."

"का म्हनून? तुमी चूक अंगावर घ्यायची?"

"म्हाताऱ्यानं हौसेनं दिल्यालं वान हाय. त्याच्याच हातानं मेलं म्हनून त्याला सांगू?"

"मेलं कुटं अजून?"

"मग तर सांगायचं कारनच न्हाई," असं म्हणून तुम्ही उठलात आणि धोतराला लागलेली माती झाडलीत. तुमच्याशी वाद घालणं म्हणजे असं. माणूस तोंडावर पडायचा आणि कसा पडला ते घरी गेल्यावर कळायचं.

मग सुरू झाली माझी वेठबिगारी. हो, तोच शब्द आहे. तुम्ही जाताना एकेक नियम घालून दिलात. खारं पाणी तुम्ही एस्टीनं कॅनमधून धाडणार, ते थोडं थोडं बदलायचं, एकदम नाही. तुमच्या कंपनीतल्या पाण्याच्या प्लँटमधला काळा कोळसा फडक्यात बांधून पंपाच्या तोंडाशी ठेवायचा, उरलंसुरलं तांबं तो ओढून घेतो. ट्यूबलाइटवर कापड टाकायचं, आजारी जिवाला झगझगाट नको. पाण्याचा जोर थेट अंगावर नको. उघड्या पडलेल्या दगडावर शेवाळ धरलं तर दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासायचं, पण जिथून मांस सुरू होतं तिथं ब्रश लागता कामा नये. आणि बागेतून आल्यावर हात धुतल्याशिवाय खोलीत पाऊल नाही. आमच्या हाताला बारा महिने फवारणीचं काही ना काही लागलेलं. बोटावरचा निळा डागसुद्धा त्याला विष, म्हणालात. फवारणीच्या दिवशी मी खिडकीला ओलं पोतं लावायचो, पंप पाठीवर घ्यायचो, दिवसभर ओळी संपवायचो, आणि परत येऊन त्या दगडाची सरबराई. बायको म्हणायची, "माज्या बाळंतपनात एवडं केलं न्हाई." खरंच होतं ते.

लाइट गेली की पंप बंद. मग कुणीतरी स्टीलच्या तांब्यानं पाणी उचलून वरून परत सोडत बसायचं, म्हणजे पाण्याला हवा मिळते. ते काम आबांनी घेतलं. मी सांगितलं नव्हतं. लाइट गेली की बागेतून, चावडीवरून, जेवणाच्या पाटावरून उठून यायचे, नळावर हात धुवायचे, माझ्याहून जास्त वेळ धुवायचे, आणि पेटीपाशी बसून तांब्या खाली-वर करत राहायचे. वीज मंडळाचं आमच्यावर किती प्रेम आहे ते तुम्हाला माहीत आहे. म्हातारा तासन्‌तास बसायचा. मी म्हणायचो, "आबा, मी करतो, पाठ दुखंल." ते म्हणायचे, "दुकू दे." मला वाटायचं, हौस आहे. नातवंडांशी खेळावं तसं चाललंय.

एवढं करून ते सुधारतंय की मरतंय हे कळायचं नाही, त्याचाच सगळ्यात शीण यायचा. आज जरा उघडं वाटायचं, दोन दिवसांनी परत आक्रसलेलं. पांढरा काठ काही हटत नव्हता. मी एकदा फोनवर तुम्हाला म्हणालो, "दाजी, टाकून देऊ. दगड झालाय त्येचा." तुम्ही म्हणालात, "द्राक्षाचा येल खरड छाटनीनंतर कसा दिसतो? वाळक्या काटकीवानी. तवा उपटता का?" आता बागाईतदाराला बागेचं उदाहरण दिल्यावर तो काय बोलणार? फोन ठेवला आणि ब्रश घेऊन बसलो.

गौरी-गणपती झाल्यावर तुम्ही आलात, तेव्हा काठ वळला होता. पांढऱ्या दगडावर एक बारीक हिरवी रेघ पुढं सरकलेली, मिशी फुटावी तशी. मी आधीच बघितली होती, पण तुम्हाला सांगितलं नाही, म्हटलं बघू द्या स्वतः. तुम्ही काचेला नाक लावलंत. मी, आबा, दोघं मागं उभे. तुम्ही वळलात ते डोळे पुसतच, आणि म्हणालात, "खाऱ्या पान्याचा वास डोळ्यात जातो, न्हवं का?" आम्ही दोघं "व्हय व्हय" म्हणालो. त्या दिवशी तुम्ही किती भाकऱ्या खाल्ल्या ते बायको अजून सांगते. मटणाच्या रश्श्यात चुरून, वर कच्चा कांदा. दिवाळीला न्यायला येतो, तोवर पेटी धुऊन नवीन दगड-वाळू घालून ठेवतो, असं ठरलं. एवढं हसतमुख तुम्हाला मी त्यानंतर बघितलं नाही, कारण त्यानंतर बघितलंच नाही.

मग ते भावकीतलं जेवण झालं. सगळे पंगतीला बसलेले, आणि चुलते मोठ्यानं म्हणाले, "सासऱ्यानं दिल्यालं वान जावयाला सांबाळता आलं न्हाई. शेवटी सासऱ्याच्याच दारात आनून टाकलं." लोक हसले. मी आबांकडं बघितलं. म्हटलं, आता तरी दोन शब्द बोलतील तुमच्या बाजूनं. आबांनी मान खाली घातली आणि भातात बोट फिरवत बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तसाच उठलो आणि बूथवर जाऊन तुमच्या कंपनीच्या गेटवर फोन लावला. म्हणालो, "आज सांगतोच मी आबांना. लोक तुमाला हसत्यात आन ते गप ऐकून घेत्यात. ह्ये मला सोसत न्हाई."

तुम्ही म्हणालात, "सोसत न्हाई तर कानात बोळं घाल."

"दाजी, खरं ते खरं. मोरचूद त्यांनी दिला."

"फिरवला कुनी? मी फिरवला. आन माज्या सासऱ्याला तू काय शिकवनार?"

"माजा बाप हाय त्यो!"

"मग बापावानी वाग त्याच्याशी. आन ऐक, तू एक शब्द जरी काडलास, तर तुज्या दारात पाय ठेवनार न्हाई मी. दिवाळीला न्हाई, कवाच न्हाई."

तुम्ही मला कधी "तू" म्हणून असं झापलं नव्हतं. फोन मी आपटला, पण सुरुवात तुम्ही केलीत. म्हटलं, राहू दे चार दिवस. दिवाळीला आले की समोरासमोर बसून भांडू, आबांना मधे बसवून भांडू. तेवढ्यात कंपनीतून तो फोन आला.

तेराव्याला अक्कानं मला आत बोलावलं. पेटी दाखवली. घासून लख्ख केलेली, नवीन वाळू, नवीन दगड, पाणी भरून पंप सुरू. दिवाळीची तयारी. अक्का रडली नाही. पदरानं काच पुसत म्हणाली, "रिकामी बघवत न्हाई रं बाळू. आनून दे ते. मी बघीन त्याच्याकडं. त्यांचं सगळं बघून बघून येतं मला." मी हो म्हणालो. मनात म्हटलं, जायच्या आधी आबांना सांगून टाकायचं. आता कुणाचा शब्द पाळायचा? माणूसच राहिला नाही. तुम्ही चूक नसताना चुकीचे ठरून गेलात, हे काय मी जन्मभर पोटात ठेवू?

आज सकाळी त्यासाठीच खोलीत गेलो. बागेत छाटणी अर्धी पडलीय, माणसं खोळंबलीत, पण म्हटलं आधी हे. आबा पेटीपाशी बसले होते आणि तांब्यानं पाणी खाली-वर करत होते. पंप चालू होता.

"आबा, लाइट हाय की."

"असू दे."

मी समोर बसलो. कुठून सुरू करावं ते जुळवत होतो. तेवढ्यात तेच बोलले, माझ्याकडं न बघता.

"बाळू, चुना ऱ्हायला रं."

"कसला चुना?"

"मोरचुदातला. बिगर चुन्याचा मोरचूद पान जाळतो, ह्ये शेंबड्या पोराला बी ठावं. मी फडक्यात नुसता मोरचूद बांदला. चुना घाला म्हनून सांगायचं इसरलो. त्येनं जळालं ह्ये. कॅनात बघितलं तवाच मला कळलं." तांब्या पाण्यावर तसाच धरून ते थांबले. "जावई एका शब्दानं बोलला न्हाई मला. लोक त्येला हसलं. मी गप बसलो. म्हनलं, दिवाळीला आला की हात धरून सांगावं, जावईबापू, चुकलं माजं. सासऱ्यानं जावयाला असं म्हनत न्हाईत. पर म्हननार हुतो मी."

दाजी, खरं माझ्या तोंडात आलं होतं. आबा, चुना घातला असता तरी जळालंच असतं. मोरचुदातल्या तांब्यानंच जळालं. पाण्यातल्या जिवाला ते विष आहे हे दाजींना पक्कं माहीत होतं आणि तुमचा मान राखायला त्यांनी ते फिरवलं. एवढंच सांगायचं होतं. इतके महिने मी तेच सांगायला तडफडत होतो. आबांची मान खाली होती, तांब्यातलं पाणी थेंब थेंब गळत होतं. मी त्यांच्या हातातून तांब्या घेतला.

म्हणालो, "व्हय आबा. चुना ऱ्हायला. पर दाजींना त्याचा राग न्हवता."

"तुला म्हनलं त्ये?"

"मला म्हनलं."

आबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, परवा शिरवळला ते स्वतः येणार, कॅन त्यांच्याच मांडीवर द्यायचा, दुसऱ्या कुणाच्या हातात नाही. मी बरं म्हणालो. आणि बागेत न जाता इथंच बसलोय, छाटणीची माणसं बाहेर हाका मारतायत, तरी बसलोय. मला लय दमल्यासारखं झालंय. मी सांगितलं नाही, दाजी. एक शब्द काढला नाही. आता दिवाळीला यायला तुम्हाला काय झालं होतं?